उंबऱ्याला पाणी लागतं ४९ फुटांवर, मग आठ लाख कुठे घालायचे?

सांगलीच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. घर गावभागाकडच्या सखल गल्लीत, सासऱ्यांनी बांधलेलं, एकमजली, वर स्लॅब. यजमान खाजगी नोकरीत आहेत, पगार ३८ हजार. ताई घरीच शिवणकाम करतात. तीन मशिनं आहेत आणि महिन्याला सरासरी १५ हजार सुटतात. घरात सासूबाई आणि दोन मुलं. मुदतठेव संपून आठ लाख हातात आले आहेत. दिरांचं म्हणणं, विश्रामबागेत ४२ लाखांचा फ्लॅट घ्या आणि पुराच्या कटकटीतून सुटा. यजमानांचं म्हणणं, सगळे पैसे घालून वर दोन खोल्या काढू. मिस्त्रीने ७ लाख ६० हजार सांगितले आहेत. ओळखीचे विमा एजंट म्हणतात, आधी पॉलिसी घ्या. २०१९च्या पुरात ताईंचं २ लाख ४० हजारांचं नुकसान झालं, २०२१च्या पुरात साधारण ९० हजारांचं. पत्राच्या शेवटी सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाबद्दल एक ओळ आहे: "आयर्विनला ४९ फूट झालं की आमच्या उंबऱ्याला पाणी लागतं."

ताई, ही शेवटची ओळ तुम्ही सहज लिहिली असेल, पण माझं सगळं उत्तर तिच्यावरच उभं आहे.

आयर्विन पुलावर ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ ही धोका पातळी. २००५ला पाणी ५४ च्या आसपास गेलं, २०१९ला ५७ च्या वर, २०२१ला ५५ च्या जवळ. त्यातून तुमचे ४९ वजा केले तर घरात अनुक्रमे पाच, साडेआठ आणि सहा फूट. पुलावरचे फूट आणि घरातले फूट तंतोतंत जुळत नाहीत, पण २०१९ला पंख्याच्या खाली वीतभर आणि २०२१ला दाराच्या वरच्या कडीपर्यंत, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे बऱ्यापैकी जुळतात. यावरून दोन गोष्टी कळतात. तुमचा सात फुटांवरचा माळा मोठ्या पुरात उपयोगाचा नाही. २०१९ला माळ्यावर टाकलेल्या गाद्या आणि कापडाचे तागे गेले ते त्यामुळेच. आणि साडेदहा फुटांवरची तुमची स्लॅब तिन्ही पुरांत कोरडी राहिली.

दुसरी गोष्ट वेळेची. २२ जुलै २०२१ला चिपळूणला लोक झोपेत असताना वाशिष्ठीचं पाणी चढत गेलं. कृष्णेचा पूर सहसा असा येत नाही. कोयना धरणातून विसर्ग वाढला की बातमी येते, आयर्विनची पातळी फुटाफुटाने कळत राहते, ४० पासून ४९ पर्यंत जायला वेळ लागतो. तो वेळ म्हणजे पैसा आहे, अगदी शब्दशः. २०२१ला तुमचं नुकसान निम्म्याहून कमी झालं, त्यात पाणी अडीच फूट कमी होतं हे खरंच; पण तुम्ही मशिनं आणि गिऱ्हाइकांचं कापड आदल्या दिवशी मावसबहिणीकडे नेलं होतंत, हे जास्त महत्त्वाचं. जे उचलता येतं ते तुम्ही वाचवू शकता. जे उचलता येत नाही, म्हणजे भिंती, वायरिंग, दारं आणि बंद पडलेल्या कामाचे दिवस, त्यासाठी पैसा लावायचा.

आता फ्लॅट. आठ लाख भरून ३४ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्क्यांनी २० वर्षं, म्हणजे हप्ता साधारण २९,५०० रुपये. दोघांची मिळून कमाई ५३ हजार. निम्म्याहून जास्त पैसे हप्त्यात जातील आणि हाताशी एक रुपया शिल्लक नसेल. शिवणकामाचा एक हंगाम मंद गेला तर? सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं तर? २० वर्षांत नुसतं व्याज ३६ लाखांच्या पुढे जातं. याउलट दोन पुरांत मिळून तुमचे ३ लाख ३० हजार गेले. आकडे इतके एकतर्फी असताना मी फ्लॅट घ्या म्हणू शकत नाही.

पण पुराचा हिशेब नुसत्या रुपयांत होत नाही हे मला माहीत आहे. जुलै लागला की सासूबाईंना झोप लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ते मी वाचलंय, आणि त्यावर फ्लॅटपेक्षा फार स्वस्त उपाय आहे. १५ जुलै ते १५ सप्टेंबर असे दोन महिने विश्रामबाग किंवा मिरजेच्या उंचावरच्या भागात एक खोली भाड्याने घ्या. महिना आठ-नऊ हजार धरले तरी वर्षाला १८ हजार, दहा वर्षांत १ लाख ८० हजार. सासूबाई, मुलं आणि दोन मशिनं तिकडे. पूर आला नाही तर पैसे वाया गेले असं वाटेल. ते वाया गेलेले नसतात. त्या दोन महिन्यांत तुमचं काम थांबणार नाही ही त्यांची किंमत आहे.

वरची खोली मला पटते, पण यजमान म्हणतात तशी नाही. दोन खोल्यांऐवजी एकच काढा, बाजूला संडास-बाथरूम, आणि मशीन उचलून नेता येईल इतका रुंद जिना. पाच लाखांच्या पुढे जायचं नाही. ही खोली रोजची शिवणाची जागा करा. मग ती वर्षभर कमावेल आणि घरी राहिलेलं मशीन पुरात ऐन वेळी हलवायचा प्रश्नच उरणार नाही. नुसती पुरासाठी म्हणून बांधलेली खोली दहा वर्षांत जेमतेम एक-दोनदा उपयोगी पडते. तेवढ्यासाठी पाच लाख मी घालू दिले नसते.

एक गोष्ट मात्र ऐका. ती खोली सामानासाठी आहे, माणसांसाठी नाही. २०१९ला कितीतरी लोक "पाणी वर चढणार नाही" म्हणून वरच्या मजल्यावर थांबले आणि मग वीज नाही, पिण्याचं पाणी नाही, बोटीची वाट बघत बसले. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर नेणारी बोट उलटून माणसं गेली तो दिवस आपल्या जिल्ह्यात कोण विसरेल? आयर्विनला ४५ झाले की घरातलं प्रत्येक माणूस बाहेर. हे आत्ताच ठरवा आणि सासूबाईंनाही सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी वाद नको.

बांधकामाला हात घालण्याआधी तीन कामं आहेत, आणि ती झाल्याशिवाय मिस्त्रीला विसारही देऊ नका. घर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे असं दिसतं. म्हणजे सासूबाई, दीर आणि दोन्ही नणंदा, सगळ्यांचा त्यात हिस्सा. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर वारसनोंद करून घ्या आणि बाकीच्यांकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या. ते जमत नसेल तर निदान बांधकामाला लेखी संमती आणि खर्च कोणी केला याचा कागद. आज सगळे प्रेमात आहेत, म्हणून आजच करायचं. शिवाय पंचनामा आणि विम्याचा दावा, दोन्हीकडे घर कोणाचं हा प्रश्न येतोच. दुसरं, महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन घर पूररेषेत कुठे बसतं ते बघा. निळी रेषा नदीजवळची, लाल तिच्याबाहेरची, मोठ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम चालत नाही. निळी आणि लाल रेषा यांच्यामध्ये अटींवर परवानगी मिळते. परवानगी नसलेल्या खोलीवर पुढे कर्ज मिळत नाही, आणि विम्याच्या दाव्यातही तिच्यावरून वाद निघू शकतो. तिसरं, स्ट्रक्चरल इंजिनिअरला पाया आणि भिंती दाखवा. पाण्यात दिवसेंदिवस उभ्या राहिलेल्या भिंतींवर मजला चढवायचा की नाही हे मिस्त्रीने ठरवायचं नसतं. खालून कॉलम घ्यावे लागतील असं इंजिनिअर म्हणाले, तर पाच लाखांत ते बसणार नाही. मग खोलीचा विचार सोडून द्या.

विम्याबद्दल एजंटचं म्हणणं बरोबर आहे, फक्त अर्धं. घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे सारख्याच मूळ अटींवर मिळते. आग, भूकंप, वादळ आणि पूर हे सगळं तिच्यात येतं. विम्याची रक्कम जागेच्या बाजारभावावर नाही, तर पुन्हा बांधायच्या खर्चावर ठरते. तुमचं ७०० चौरस फूट घर १,८०० रुपयांनी धरलं तर १२ लाख ६० हजार. घरातल्या सामानाला त्याच्या २० टक्के, म्हणजे २ लाख ५२ हजारांचं संरक्षण आपोआप मिळतं. यादी द्यावी लागत नाही. वर्षाचा हप्ता एका बऱ्या पैठणीपेक्षा कमी बसतो. दागिने हवे असतील तर वेगळं कलम घ्यावं लागतं. रोख रक्कम, कागदपत्रं आणि गाड्या यात येत नाहीत.

अर्धं म्हटलं ते मशिनांमुळे. ही पॉलिसी घरगुती सामानाची आहे, धंद्याच्या नाही. तीन मशिनं आणि गिऱ्हाइकांचं कापड यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' वेगळी घ्या आणि लोकांचं कापड माझ्या ताब्यात असतं हे अर्जात स्पष्ट लिहा. घरात शिवणकाम चालतं आणि यापूर्वी तीनदा पाणी आलंय, हेही दोन्ही अर्जांत लपवू नका. एजंट म्हणतील लिहायची गरज नाही. लिहा. आणि हे सगळं एप्रिल-मे महिन्यातच उरका.

माझ्या मावशीचं कोल्हापूरचं घर २०१९ला बुडालं. पॉलिसी होती. पण पाणी ओसरल्याबरोबर तिने भिजलेल्या गाद्या, कपाट, मिक्सर सगळं रस्त्यावर टाकलं आणि महापालिकेच्या गाडीने ते उचललं. विमा कंपनीचा सर्वेअर आला तेव्हा दाखवायला नुसती स्वच्छ फरशी. दाव्यातला मोठा भाग गेला. तिच्या मनात फक्त चिखल काढायचा होता, कोणाच्याही मनात तेच असतं. म्हणून आधी कंपनीला फोन, मग प्रत्येक खोलीचे फोटो आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा फोटो, तलाठ्यांचा पंचनामा, आणि त्यानंतरच खराटा. दर मे महिन्यात घराचा कोरडा व्हिडिओ काढून मुलाच्या मेलवर पाठवून ठेवा.

सरकारी मदत २०१९ला शहरात कुटुंबामागे १५ हजार रुपये होती. ती घ्यायचीच, पण तिच्यावर काही बेतायचं नाही.

लॉकरचं तुम्ही शेवटी विचारलंत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांनुसार चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत आहे. पूर आणि भूकंपाच्या नुकसानीची जबाबदारी बँकेवर नाही. तुमची शाखा तळमजल्यावर, तीही पेठेत. सोनं भिजलं तर पुसून घेता येतं, खरेदीखत भिजलं तर काय करणार? कागद तिथून काढा, स्कॅन करून डिजिलॉकर आणि मेलवर ठेवा, मूळ प्रती मावसबहिणीकडे. दागिने सावकाश उंचावरच्या शाखेत हलवा.

स्कूटरची पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर पुराचं काही मिळत नाही. या नूतनीकरणाला पूर्ण घ्या, आणि बुडालेली गाडी चालू करून बघू नका.

म्हणून आठ लाख असे लावा. १ लाख ८० हजार हात न लावता बाजूला: तीन महिन्यांचा घरखर्च आणि पुरानंतरची साफसफाई-रंग. त्यातले २० हजार पावसाळ्यात रोख, शंभर-दोनशेच्या नोटांत, कारण वीज गेली की एटीएम आणि फोनवरचे पैसे दोन्ही थांबतात. पाच लाख खोलीला. ५० हजारांत दोन्ही विमे, यंदाची भाड्याची खोली, आणि खालचा मीटर व बटणं वर घेणं. मीटरसाठी महावितरणकडे अर्ज करा, स्वतः हलवू नका. उरलेले ७० हजार बांधकाम वाढेल त्यासाठी, कारण ते वाढतंच.

पहिलं काम दिरांना आणि नणंदांना फोन. सह्या द्यायला कोणी कां-कूं केलं तर खोलीचे पाच लाख तसेच ठेवीत ठेवा, विमा आणि भाड्याची खोली यंदाच करा, आणि मला पुन्हा लिहा.