मोस्नोडेनवीर शोधू नका, ताप उतरल्यावरचे दोन दिवस सांभाळा

ताई, ऐरोलीला तुमच्या भावाला डेंग्यू झालाय, आज तापाचा चौथा दिवस, आणि डेंग्यूच्या विषाणूवरचं मोस्नोडेनवीर हे औषध ठाण्यात कुठे मिळेल असं तुम्ही विचारलंय. कुठेच मिळणार नाही. ते बाजारात आलेलंच नाही. जॉन्सन अँड जॉन्सनने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याची डेंग्यूवरची चाचणी थांबवली. कोणी कुरियरने पाठवतो म्हणालं तर पैसे देऊ नका.

ते डेंग्यूचा विषाणू रोखतं, ही तुम्ही वाचलेली बातमी मात्र खोटी नाही. एनएस३ आणि एनएस४बी ही विषाणूची स्वतःची दोन प्रथिनं एकत्र आल्याशिवाय विषाणू वाढत नाही, आणि हे संयुग नेमकं त्यांच्या मध्ये येतं. निरोगी स्वयंसेवकांना डेंग्यूचा विषाणू टोचून पाहिलं, तेव्हा सर्वांत मोठा डोस घेणाऱ्या १० पैकी ६ जणांच्या रक्तात तो सापडलाच नाही. पण त्यांच्या गोळ्या टोचण्याआधीच सुरू झाल्या होत्या. खरी गोम तिथे आहे.

रबाळे एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं विषाणूंवर औषधं तपासण्याचंच काम केलं. पेशींचा थर जांभळा रंगवला की विषाणूने खाल्लेल्या जागा पांढऱ्या ठिपक्यांसारख्या उठून दिसतात. औषध घातलेल्या खाचेत एकही ठिपका नसला की फार आनंद व्हायचा. पण तिथे विषाणू कधी घालायचा आणि औषध कधी, हे आमच्या हातात असायचं. ताप येऊन माणूस दवाखान्यात पोचतो तोवर विषाणू जोरात वाढून गेलेला असतो. व्हिएतनाममध्ये बालापिरावीर हे दुसरं एक विषाणूरोधक औषध डेंग्यूच्या रुग्णांना तापाच्या ४८ तासांच्या आत देऊनही उपयोग झाला नाही. नंतर कळलं, ते औषध पेशीत गेल्यावरच कामाच्या रूपात बदलतं, आणि डेंग्यूची लागण झालेल्या पेशींत तो बदलच कमी होतो.

आता भावाचं. ताप उतरला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं ते बहुधा त्याच सुमारास. माझ्या भाच्याचा ताप पाचव्या दिवशी उतरला, आम्ही कळव्याच्या घरी निर्धास्त झालो, आणि संध्याकाळी त्याचे तळवे गार पडले. लगेच दाखल केलं म्हणून निभावलं. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी, लघवी कमी, यांतलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन अजिबात नको. प्लेटलेट्सकडे सगळे बघतात, तुम्ही हिमॅटोक्रिटही (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, पाणी झिरपलं की ते चढतं) बघा: कालचा आणि आजचा आकडा शेजारी लिहा, आणि चढलेला दिसला तर आजच डॉक्टरांना दाखवा.