पोकर स्पर्धेत शेवटच्या बेटला मी कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स टाकल्या, आणि समोरच्याने पत्ते न दाखवताच फेकले. ते पाहण्याचा हक्क मला आहे का? मागितले तर समोरच्याला अपमान वाटतो.

होय, आहे. शेवटच्या फेरीत ज्याने बेट लावली किंवा वाढवली, त्याचे पत्ते पाहण्याची किंमत कॉल करणाऱ्याने मोजलेली असते. म्हणून आपले स्वतःचे पत्ते हातात असतील किंवा उघडे मांडलेले असतील, तर आपण मागणी करू शकता आणि ती नाकारता येत नाही. समोरच्याने "हरलो" म्हणून पत्ते उपडे सरकवले, एवढ्याने हा हक्क जात नाही.

मात्र आपल्या प्रश्नाच्या शेवटी आपण लिहिले आहे की, "मागितले तर समोरच्याला अपमान वाटतो." या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो आहे.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, बैल आणि माणसे दोघांनाही सुटी असते आणि छपरीत सतरंजी टाकून पत्ते बसतात. 2019 च्या करीला पुण्यात शिकणाऱ्या एका भाच्याने प्लास्टिकच्या चिप्सची पेटी आणली आणि आम्ही नऊ जणांनी पोकरची स्पर्धा खेळली. प्रत्येकाला 2,000 च्या चिप्स मिळाल्या. पैसे कोणीही लावले नव्हते. वडिलांनी पहिल्या क्रमांकाला पितळी घागरमाळ आणि दुसऱ्याला नव्या कासऱ्यांची जोडी ठेवली होती. तिसऱ्याला काही नव्हते.

संध्याकाळी आम्ही तिघे उरलो. माझे भाटवे, म्हणजे बहिणीचे यजमान, 13,000 वर होते, मी 3,900 वर, आणि भाटव्यांचा सख्खा पुतण्या अवघ्या 1,100 वर. ब्लाइंड, म्हणजे पत्ते पाहण्याआधीच दोघांनी टाकायच्या सक्तीच्या चिप्स, 200 (स्मॉल) आणि 400 चे झाले होते. बटन, म्हणजे वाटणाऱ्याची जागा दाखवणारी खूण, माझ्याकडे होते आणि मी फोल्ड केले, म्हणजे पत्ते टाकून दिले. भाटव्यांनी स्मॉल ब्लाइंडवरून सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या, पुतण्याने उरलेल्या 700 टाकून कॉल केला. तो ऑल-इन झाला होता, म्हणजे त्याच्या सगळ्या चिप्स लागल्या होत्या, आणि पुढे बेट लागण्याचा प्रश्नच उरला नव्हता. तरीही दोघांचे पत्ते उपडेच राहिले आणि भाचा सगळ्यांसाठी सामाईक असलेले पाच पत्ते एकामागून एक उघडत गेला. त्यांत एक्का होता, राणी होती आणि किलवरची सत्ती होती. पुतण्याने गुलाम आणि बदामची सत्ती मांडली, म्हणजे सत्तीची एकच जोडी. भाटव्यांनी आपले दोन पत्ते अंगठ्याने किंचित उचलून पाहिले, "तुझंच रे" म्हणाले आणि ते उपडेच फेकलेल्या पत्त्यांच्या ढिगात सरकवले. मी "दाखवा ना" म्हणेपर्यंत भाच्याने ढीग एकत्र केला होता.

पुतण्या त्या हातात बाद झाला असता, तर कासऱ्यांची जोडी तिथेच माझी झाली असती. तो 2,200 वर गेला आणि पाऊण तासाने तिसरा म्हणून मीच उठलो. पण मला लागले ते भाटव्यांचे उत्तर. "घरच्या माणसावर शंका घेता का?" असे ते सगळ्यांसमोर म्हणाले, आणि त्या रात्रीच्या पंगतीत माझी बहीण माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

नंतर मी टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनचे नियम मुळातून वाचले. मॅट सॅव्हेज, लिंडा जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये ही संघटना उभी केली आणि आज जगभरातील अनेक स्पर्धा याच नियमांवर चालतात. त्यांत स्पष्ट लिहिले आहे की, एक खेळाडू ऑल-इन झाला आणि बाकीच्यांचे बेट लावणे संपले, की सगळ्यांचे पत्ते विनाविलंब उघडे मांडायचे. ऑल-इन झालेल्याला किंवा त्या बेटला पूर्ण उतरलेल्याला पत्ते न दाखवता टाकून देता येत नाहीत. म्हणजे आमच्या छपरीत पहिला पत्ता उघडण्याआधीच दोघांचे चारही पत्ते सतरंजीवर दिसायला हवे होते. मला काही मागावेच लागले नसते.

हा नियम स्पर्धेत एवढा कडक आहे, याचे कारण आपल्याकडे कोणी लक्षातच घेत नाही. रोख पैशांच्या खेळात दोघांमधला हात बहुतांशी त्या दोघांचाच असतो. स्पर्धेत चिप्स मोजक्या असतात आणि कोण बाद झाले यावर प्रत्येकाचा क्रमांक ठरतो, त्यामुळे त्या हातात नसलेल्या माणसाचेही नुकसान होते. एकाने मुद्दाम हरून आपल्या माणसाला चिप्स पुरवल्या, तर ते फक्त उघड्या पत्त्यांतच दिसू शकते. तीन पत्तीत पॅक केलेला हात कोणी पाहत नाही आणि शेवटी शो मागायलाही किंमत मोजावी लागते. लहानपणापासून तेच खेळत आल्यामुळे आमच्या भागात प्रत्येकाला पत्ते ही खासगी मालमत्ता वाटते आणि ते दाखवणे हा उपकार वाटतो. ऑल-इनच्या वेळी ते तसे मुळीच नसतात, ते सगळ्या टेबलाचे असतात. ते मागणारा कोणावर शंका घेत नाही, आणि जो नियमाने मागितलेल्या पत्त्यांना नात्याचा प्रश्न करतो, तोच नात्याला मध्ये आणतो. हे मी भाटव्यांनाही तोंडावर सांगितले आहे.

दोन गोष्टी मात्र प्रामाणिकपणे लिहिल्या पाहिजेत. चिप्सचा मोठा ढीग असलेल्याने 1,100 वर आलेल्या खेळाडूवर हलक्या पत्त्यांनिशीही दबाव टाकणे हा योग्य खेळ आहे. त्यामुळे भाटव्यांकडे खरोखरच चौकी-नव्वी असू शकते, आणि त्यांनी लबाडी केली असे मी कधीही म्हटलेले नाही. दुसरे असे की, कोणी ऑल-इन नसताना कॉल करणाऱ्याचा हक्क फक्त शेवटच्या बेट लावणाऱ्याच्या पत्त्यांपुरता आहे. त्याखेरीज कोणाचेही पत्ते पाहायचे असतील, तर परवानगी देणे किंवा न देणे स्पर्धा-संचालकाच्या हाती असते, आणि ज्याने स्वतःचे पत्ते उपडे टाकून दिले त्याला मागण्याचा हक्कच उरत नाही. शेवटच्या फेरीत बेटच लागली नसेल, तर बटनाच्या डावीकडून पहिला उरलेला खेळाडू आधी दाखवतो.

आपण पैसे लावून खेळत असाल, तर हे नियम आपल्या उपयोगाचे नाहीत. 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आमच्याकडे दर पोळ्याला कोणाच्या ना कोणाच्या दारात येतोच, आणि पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने बंदी घातली आहे.

आपल्या पुढच्या स्पर्धेसाठी एवढेच करा. कॉल केल्यावर आपले पत्ते तळहाताखालून हलू देऊ नका. समोरच्याचा हात ढिगाकडे वळला, की डीलरला, समोरच्याला नव्हे, मोठ्याने "पत्ते पाहायचे आहेत" असे सांगा. डीलरने ते ढिगात मिसळण्याआधी सांगा, कारण मिसळल्यानंतर ते दोन पत्ते कोणते होते हे डीलरलाही सांगता येत नाही. मी दोन सेकंद उशीर केला होता.