गाइड निवडताना सायटेशनचा आकडा किती मनावर घ्यायचा?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र सविस्तर होतं, इतरांसाठी थोडक्यात सांगते. मुलगी ई अँड टीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे, वायरलेस नेटवर्किंगमध्ये डायरेक्ट पीएचडी करायची म्हणते, दोन गाइड डोळ्यासमोर आहेत. एका सरांच्या नावापुढे गूगल स्कॉलरवर सायटेशनचा, म्हणजे इतरांनी आपल्या पेपरमध्ये त्यांच्या पेपरचा संदर्भ किती वेळा दिला याचा, मोठ्ठा आकडा आहे, दुसरे सर तरुण, आकडा लहान पण लॅबमध्ये स्वतः उभं केलेलं टेस्टबेड, म्हणजे प्रयोग करून बघायची यंत्रणा, आहे. आणि घरात दीर म्हणतात, पेपर छापून कुणाचं भलं झालंय, त्यापेक्षा आयटीची ऑफर घेऊन टाक.

दिरांपासून सुरुवात करते कारण त्यांचा प्रश्न रास्त आहे. तुमच्या वायफाय राउटरला दोन-तीन अँटेना दिसतात ना, त्यामागची मायमो ही टेक्नॉलॉजी ज्यांच्यामुळे आली त्यात आरोग्यस्वामी पॉलराज यांचं नाव फार वर आहे. हे मूळचे नेव्हीतले, खडकवासल्याच्या एनडीएत शिकले, इंजिनिअरिंग लोणावळ्याच्या नेव्हल कॉलेजात, पीएचडी आयआयटी दिल्लीतून १९७३ ला, मग नेव्हीसाठी सोनार या पाण्याखालच्या गोष्टी आवाजावरून शोधणाऱ्या यंत्रणेवर काम केलं आणि निवृत्तीनंतर स्टॅनफर्डला गेले. तिथे त्यांच्यासोबत होते प्रोफेसर थॉमस कैलाथ, हे पुण्यात जन्मलेले, १९५६ चे सीओईपीचे इंजिनिअर. या दोघांनी १९९२ मध्ये पेटंटचा अर्ज केला. कल्पना अशी की पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे अनेक अँटेना ठेवायच्या आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी वेगवेगळा डेटा सोडायचा. भिंतींवर, इमारतींवर आपटून सिग्नल विखुरतो ही तोवर सगळ्यांना कटकट वाटायची, इथे उलट त्या विखुरण्यामुळेच ते डेटाचे प्रवाह एकमेकांपासून वेगळे ओळखता येतात! मला आजही हे वाचताना भारी वाटतं.

सुरुवातीला बऱ्याच लोकांना हे पटलं नव्हतं. १९९४ ला पेटंट मिळालं, १९९८ ला पॉलराज यांनी हे करून दाखवायला कंपनी काढली. दरम्यान बेल लॅब्स या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत फोशिनी आणि टेलातार यांनी याचं गणित आणि पद्धती पुढे नेल्या, म्हणजे श्रेय एकट्याचं नाही हेही मुलीला सांगा. वायफायच्या ८०२.११एन स्टँडर्डमध्ये मायमो आलं ते २००९ मध्ये, नंतर फोरजी, फाइव्हजी सगळीकडे तेच. पॉलराज यांना मार्कोनी प्राइझ मिळालं २०१४ ला.

आता हिशोब बघा, १९९२ ते २००९ म्हणजे सतरा वर्षं. १९९५ मध्ये कुणी विद्यार्थी आकडा बघून गाइड शोधत असता तर पेटंट मिळून वर्ष झालेल्या त्या कामाच्या नावावर त्याला दिसलं काय असतं? म्हणून तरुण सरांचा आकडा लहान आहे एवढ्यावरून मी काहीच ठरवणार नाही.

अजून एक उदाहरण, हवाई विद्यापीठातले नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन. त्यांचं अलोहानेट १९७१ मध्ये सुरू झालं, बेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओने जोडलेले. ज्याला पाठवायचंय त्याने लगेच पाठवायचं, दोघांची टक्कर झाली तर थोड्या वेळाने पुन्हा पाठवायचं, अशा त्या साध्या पद्धतीत चॅनलची जास्तीत जास्त १८ टक्केच क्षमता वापरता येते, पण त्यावरचाच अ‍ॅब्रॅमसन यांचा पेपर वाचून मेटकाफ यांना इथरनेटची, म्हणजे केबलने कॉम्प्युटर जोडायच्या पद्धतीची, दिशा मिळाली, आणि आपला मोबाइल टॉवरशी पहिला संपर्क करतो त्यात आजही त्याच विचाराची पद्धत आहे.

मग मोठ्या आकड्याचं काय? एच-इंडेक्स ४० म्हणजे निदान ४० पेपर असे की प्रत्येकाला निदान ४० सायटेशन, बस एवढंच. त्यात सर्व्हे पेपर, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा घेणारे पेपर, असतील तर ते भराभर सायटेशन खेचतात, स्वतःचेच पेपर स्वतः साइट केलेले असू शकतात, पंधरा लेखकांत सरांचं नाव कुठेतरी मध्ये असू शकतं. मुलीला सांगा, दोघांचेही सगळ्यात जास्त साइट झालेले पाच-पाच पेपर उघड आणि ते ज्यांनी साइट केलेत त्यातले काही वाच. "यांच्या पद्धतीवर आम्ही पुढे हे बांधलं" असं लिहिलंय की नुसतं दहा नावांच्या रांगेत नाव आलंय, हे दोन-तीन संध्याकाळी वाचलं तरी कळतं. मोबिकॉम, इन्फोकॉम, सिगकॉम अशा नेटवर्किंगच्या नावाजलेल्या कॉन्फरन्समध्ये काम आलंय का, थ्रीजीपीपीच्या (मोबाइल नेटवर्कचे नियम ठरवणारी संस्था) किंवा वायफायच्या स्टँडर्डपर्यंत काही पोचलंय का, त्यांचा कोड दुसऱ्या लॅबमध्ये कुणी वापरतं का, हेही बघायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं जुने विद्यार्थी. कैलाथ यांच्या हाताखाली शंभराच्या आसपास पीएचडी आणि पोस्टडॉक घडले, त्यांचा खरा प्रभाव मोजायचा तर ही माणसं धरावीच लागतात.

माझं मत विचाराल तर तरुण सर, पण दोन अटींवर. त्यांच्याकडे पुढच्या तीन-चार वर्षांचं प्रोजेक्ट फंडिंग असावं, आणि आठवड्याला एकदा तरी ते विद्यार्थ्यांसोबत बसत असावेत. मोठ्या सरांकडे एका वेळी बरेच जण आहेत असं तुम्ही लिहिलंय, तिथे ती कुणाच्या देखरेखीखाली असेल हे स्पष्ट विचारा, सिनियर विद्यार्थीच बघत असेल तर मला ते चालणार नाही.

आयटीची ऑफर लगेच नाकारू नका, जॉइनिंगची तारीख आधी विचारून घ्या. तोवर दोन्ही लॅबमधून पास झालेल्या दोघा-दोघांना मुलीने स्वतः मेल टाकावी, किती वर्षं लागली आणि आता कुठे आहात एवढंच विचारावं. उत्तरं आली की मला पाठवा, त्यावरून पुढचं बोलू.