पुंजी मोडून एमएस्सी करू का?

तुमचं पत्र मिळालं. वय ५८, नोकरीची दोन वर्षं शिल्लक. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं पूर्णवेळ संख्याशास्त्रात एमएस्सी करायची आणि मग कॉलेजात शिकवायचं, असा तुमचा बेत. फी निवृत्तीच्या पुंजीतून भरू की शैक्षणिक कर्ज काढू, हा प्रश्न. आणि शेवटच्या ओळीत वहिनींचा शेरा: "शिकायचंच आहे तर फुकटात शिका." त्याकडे नंतर येतो.

असे हिशेब मी घरखर्चाच्या महिन्यांत करतो. तुमच्या आकड्यांवरून पुंजी १८० महिन्यांची भरते. फी आणि राहण्याजाण्याचा जादा खर्च मिळून २४ महिने. निवृत्तिवेतनातून निम्मा घरखर्च भागेल, म्हणजे वर्षाला सहा महिने पुंजीतून काढायचे. हे जेमतेम ३.३ टक्के. अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी १९९४ साली तिथल्या बाजाराचा इतिहास तपासून, ३० वर्षं पुंजी पुरावी म्हणून जो आडाखा मांडला (पहिल्या वर्षी पुंजीच्या साधारण ४ टक्के काढायचे, पुढे महागाईपुरतेच वाढवायचे), त्याच्या आतच.

पण तुमचं निवृत्तिवेतन महागाईबरोबर वाढणारं नाही. महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांत घरखर्च दुप्पट होतो. आजचे १२ महिने तेव्हा २४ होतील, निवृत्तिवेतन सहावरच थांबलेलं असेल आणि उरलेले १८ पुंजीतून काढावे लागतील. खर्च दुप्पट झाला तरी उपसा तिप्पट. बेंगन यांचा आडाखा तुम्हाला जसाच्या तसा लागू नाही तो इथे.

त्यात शिक्षणाची दोन वर्षं घाला. सहा अधिक बारा, म्हणजे पहिल्याच वर्षी पुंजीतले १८ महिने जातात. पूर्ण १० टक्के. नेमका तेव्हाच शेअर बाजार पडला तर पडलेल्या भावात म्युच्युअल फंडाची युनिट विकून फी भरावी लागेल, आणि विकलेली युनिट बाजार सावरल्यावर परत येत नाहीत. हीच पडझड दहा वर्षांनी आली तर इतकी जाचत नाही. कर्जाचं तर नावच नको. पगार थांबल्यावर हप्ता सुरू करायचा आणि जामीन म्हणून मुलाला बसवायचं, हे मला पटत नाही.

"शिकवून फी वसूल होईल" हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. तासिका तत्त्वावरच्या कामातून वर्षाला चार महिन्यांचा घरखर्च हाती येईल हा तुमचाच अंदाज. तो खरा धरला तरी २४ महिने भरून निघायला सहा वर्षं, म्हणजे तुम्ही ६८चे. नियमित पदांना अनेक ठिकाणी वयोमर्यादा असते, ती आधी विचारून घ्या. मी स्वतः एका संस्थेत दोन सत्रं पाहुणा व्याख्याता होतो. एका तासाच्या तयारीला तीन तास जायचे, पेपर तपासणं वेगळं, आणि मानधन हातात पडलं सात महिन्यांनी. मजा आली, नाही म्हणत नाही. पण त्या पैशावर मी घर चालवलं नसतं. तेव्हा फी ही गुंतवणूक नव्हे, हौसेचा खर्च म्हणून मांडा. हौस म्हणून ती परवडते का, एवढंच बघायचं.

माझ्या मते परवडते, पण क्रम उलटा करून. पगार चालू आहे तोवर अर्धवेळ किंवा दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम सुरू करा, चार वर्षं लागली तरी चालतील. शिक्षणासाठी काही मदत मिळते का, ते कंपनीत विचारा. पहिल्या दोन वर्षांची फी पगारातून जाईल; उरलेली आत्तापासून मुदत ठेवीत बाजूला काढा, बाजारात ठेवू नका. दरम्यान शनिवार-रविवारी कुठेतरी एक विषय शिकवून बघा. चाळीस पोरांपुढे उभं राहून तोच प्रश्न पाचव्यांदा समजावताना वैताग येतो की नाही, हे फी भरण्याआधी कळलेलं बरं.

आणि वहिनींचं म्हणणं उडवून लावू नका. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअर या संकेतस्थळावर तिथले प्राध्यापक गिल्बर्ट स्ट्रँग यांची, संख्याशास्त्राला लागणाऱ्या रेषीय बीजगणिताची व्याख्यानं, गृहपाठ आणि परीक्षांचे पेपर फुकट आहेत. (स्ट्रँग यांनी शेवटचं व्याख्यान दिलं २०२३ साली, वयाच्या ८८व्या वर्षी; वयाची काळजी तुम्ही उगाच करताय.) एक सत्रभर घड्याळ लावून ते पेपर सोडवा. ३५ वर्षांनंतर गणिताला हात घालताय, निम्म्या वाटेवर कंटाळा आलाच तर खिशाला झळ नाही.

अर्ज भरण्याआधी एक कागद मात्र काढा. तुमच्या पश्चात वहिनींना निवृत्तिवेतन किती मिळेल, हे पत्रात कुठेच नाही. ते निम्मं होणार असेल तर वरच्या १८० महिन्यांतले निदान ३० त्यांच्या नावे वेगळे ठेवा आणि हा सगळा हिशेब १५० धरून पुन्हा करा.