बेळगावहून जांबोटीला बसने आईचं इन्सुलिन न्यायचंय, बर्फात ठेवू का?

थेट बर्फात अजिबात नको. न उघडलेल्या कुपीला २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं, पण एकदा गोठली की ती गेलीच; वितळल्यावर दिसायला ठीक असली तरी टोचू नका. आमच्या मावशीची एक अशीच बर्फाला चिकटून वाया गेली. गारेगार पॅकला टॉवेल गुंडाळा, मग त्याच्यासोबत कुपी थर्मासात ठेवा. जांबोटीपर्यंतच्या तास-दीड तासाची धास्ती नको. धास्ती बसच्या तापलेल्या बॉनेटची, तिथे पिशवी ठेवू नका. वापरात असलेली कुपी बहुधा ४ आठवडे ३० अंशांखाली बाहेर चालते, खोक्यावरची सूचना वाचा. गावात लाईट गेली तर ओलं फडकं गुंडाळलेलं मडकं, कुपी मात्र प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी.