आजोबांचं तळं, भाऊबंदांचा वाद आणि खालच्या वस्तीची नोटीस

प्रश्न : पन्हाळा तालुक्यात आमच्या मालकीच्या उतारावर आजोबांनी बांधलेलं मातीचं तळं आहे. सातबारावर माझी आणि दोन चुलतभावांची नावं आहेत. एक भाऊ त्यात मासे सोडतो. पाणी जास्त साठावं म्हणून त्यानं सांडव्यात वाळूची पोती रचली आहेत. बांधाच्या पायथ्याशी पाझर वाढला आहे. खालच्या वस्तीतल्या शेतकऱ्यांनी वकिलाची नोटीस पाठवली आहे. भाऊ खर्चाला तयार नाहीत. मी काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी सांडव्यातली पोती काढा. पाणी बांधावरून वाहू लागलं की मातीचा भराव बघता बघता धुपतो. ते होऊ नये म्हणूनच सांडवा ठेवलेला असतो. भाऊ अडवत असेल तर हातघाईवर येऊ नका. त्याच दिवशी तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

पायथ्याचं पाणी काचेच्या बाटलीत भरून थोडा वेळ स्थिर ठेवा. तळाशी माती बसली तर पाझर बांधाच्या पोटातली माती घेऊन चालला आहे असं समजा आणि त्या दिवसापासून तळ्याची पातळी उतरवायला लागा, पण हळूहळू. पाणी एकदम उतरवलं तर आतला ओला उतार घसरतो. जेसीबीनं बांध फोडायचा विचार कुणी मांडला तर साफ नकार द्या. खालच्या घरांना मात्र आजच सांगून ठेवा. सप्टेंबर २०२१ मध्ये भुदरगड तालुक्यातला मेघोलीचा तलाव फुटला तेव्हा एका महिलेचा जीव गेला. तो तलाव सरकारी होता, पण पाणी मालकी बघत नाही.

आता कायदा. धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि काही अटींत बसणाऱ्या १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू आहे. तुमचं तळं बहुधा त्यात येत नाही, पण म्हणून जबाबदारी सुटत नाही. १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयानं, मद्रास इलाख्यातल्या एका जमीनदाराचा खटला निकाली काढला. त्याचे जुने तलाव फुटून रेल्वेचे पूल वाहून गेले होते. तलाव शेतीसाठी पूर्वापार चालत आलेले होते आणि जमीनदाराचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही, म्हणून तो सुटला. तुमच्याकडे नोटीस आली आहे, म्हणजे धोका माहीत नव्हता असं यापुढे म्हणता येणार नाही. शिवाय माशांच्या धंद्यासाठी सांडवा अडवलेला, त्यामुळे या निकालाचा आधार तुम्हाला फार कमी मिळेल. सांडवा भावानं अडवला असला तरी नुकसानीच्या दाव्यात तिघेही प्रतिवादी होतील आणि माहीत असून गप्प राहिलात हे तुमच्यावर शेकेल.

खर्चाचं म्हणाल तर दोघा भावांना स्पीड पोस्टानं पत्र पाठवा. त्यात अभियंत्याचा पाहणी अहवाल आणि अंदाजपत्रक जोडा, उत्तराला मुदत द्या. काम निकडीचं असेल तर स्वतः करून घ्या. पावत्या आणि फोटो जपलेत तर करार अधिनियमाच्या कलम ७० खाली त्यांच्या हिश्शाची रक्कम मागता येते. पोती पुन्हा रचली गेली तर दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३) प्रांताधिकारी धोकादायक बांधकाम दुरुस्त करण्याचा किंवा हटवण्याचा आदेश देऊ शकतात. हा अर्ज खालचे शेतकरी करतील याची वाट बघू नका, तुम्हीच करा.

‘कटकट नको, तळंच बुजवून टाकू’ असंही घरात कुणी म्हणेल. खालची शेतं वीस वर्षं उघडपणे, हक्कानं आणि विनाखंड या पाण्यावर भिजत असतील तर सुविधाधिकार अधिनियम, १८८२ (दुसऱ्याच्या मालमत्तेच्या वापराच्या हक्कांचा कायदा) खाली त्यांचा या पाण्यावर हक्क तयार झालेला असू शकतो. दुरुस्तीसाठी पातळी उतरवणं वेगळं आणि कायमचं बुजवणं वेगळं.

नोटिशीला मुदतीत उत्तर द्या. ‘तळं आजोबांचं, आमचा संबंध नाही’ असलं काही त्यात लिहू नका. पोती कधी काढली, पातळी किती उतरवली, अभियंता कधी येणार हे तारखेसह लिहा आणि एक प्रत तहसीलदार कार्यालयात द्या.