जुनी डुकाटी घेतोयस? आधी बेल्ट बघ

भावा, गोव्यातली जुनी मॉन्स्टर, म्हणजे डुकाटीची मोटारसायकल, स्वस्तात मिळतेय म्हणून चोर्ला घाटातून बेळगावपर्यंत चालवत आणू नकोस, टेम्पोत घालून आण. या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारे दांडे, साखळीवर नाही, दोन रबरी दातेरी बेल्टांवर फिरतात. गाडी न चालवताही, नुसत्या वयानं रबर कडक होतं. म्हणून वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी असलेली, कमी किलोमीटरची गाडी मला जास्त भीतीची वाटते. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. जुन्या मॉडेलांना साधारण दर २ वर्षांनी बेल्ट बदलतात. बिल नसेल तर बदललेच नाहीत असं धर, आणि बदलेपर्यंत स्टार्टरला हात लावू नकोस. मी एकदा ती घाई केली, त्याची धडधड अजून आठवते.

डुकाटीच्या व्हॉल्व्हच्या रचनेला डेस्मो म्हणतात, म्हणजे व्हॉल्व्ह बंद करायलाही वेगळा रॉकर (व्हॉल्व्ह हलवणारी छोटी दांडी). त्यामुळे उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या, दोन्ही रॉकरांपाशी असलेली बारीक फट मोजावी लागते. मॅन्युअल समोर ठेवून काम करणाराच मेकॅनिक शोध.

खारी हवा लागलेली गाडी आहे, वायरिंगचे कनेक्टर उघडून हिरवा गंज बघ. इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी जुळव. गोव्याच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नकोस, केए-२२, म्हणजे बेळगावचा नंबर, करताना इथला रोड टॅक्सही भरायचाय.